मज्जातंतूची चाल



खेड्यात कुणाला उसण भरली, की पहिली आठवण होते ती पायाळू माणसाची. त्याने पाठीला पाय लावला की उसण निघते, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पायाळू न मिळाला, तर हाडवैद्य आहेच. दुखऱ्या पाठीला कुणीतरी हात लावावा, मणका 'बसवून' द्यावा, ही इच्छा काही आपलीच नव्हे. अमेरिकेत तर तिच्यातून एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. त्याला 'कायरोप्रॅक्टिक' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ एवढाच, की हाताने केलेले काम.

आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थांनी हार्वे लिलार्ड नावाच्या बहिऱ्या कामगाराचा मणका हाताने दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर सांगत. सरकलेले मणके मज्जातंतूंना दाबतात आणि बहुतेक सारे रोग त्यातूनच होतात, असे त्यांचे मत होते. हे मत पुढे टिकले नाही. ऐकण्याचा मज्जातंतू कानातून थेट मेंदूकडे जातो. पाठीच्या मणक्यांशी त्याचा संबंधच नाही.

मग या उपायात काहीच तथ्य नाही का? तसेही नाही. कंबरदुखीत जाणत्या हाताच्या उपचाराने काहींना आराम पडतो. व्यायामाने पडतो साधारण तेवढाच. पाठीत 'कट्‌' असा आवाज होतो, तो मणका जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज.

आता मुख्य गोष्ट सांगतो. हाताने सांधा मोकळा होईल. पण इजा झालेला मज्जातंतू आपल्याच चालीने चालतो. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. कापलेल्या जागेपलीकडचा धागा झिजून जातो, असे त्यांना दिसले. मात्र हातापायांच्या मज्जातंतूंत बाहेरचे आवरण पुष्कळदा शाबूत राहते आणि त्या नळीतून नवा कोंब पुढे सरकतो. किती? दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! शाळेच्या मोजपट्टीवरचा सर्वांत लहान भाग तो हाच. आपला जुना 'हात' म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे ४५ सेंटिमीटर. म्हणजे कोपराशी इजा झाली, तर बोटाच्या टोकाला जाणीव परत यायला सव्वा वर्ष लागू शकते. आडसाली ऊस लावणाऱ्याला हा हिशोब सांगायला नको. कोंब ओढून ऊस लवकर वाढत नाही!

सगळ्या इजा इतक्या खोल नसतात. मज्जातंतू नुसता दबला असेल, तर काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पूर्ववत होतो. दोन मणक्यांमधली गादी सरकून कमरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते, तीही बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत उतरते. गंमत अशी, की त्या काळात रोगी चार ठिकाणी जातो आणि यश मिळते शेवटच्या हाताला. काम मात्र काळाने केलेले असते.

पण धीर धरणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. विळा लागून मज्जातंतू पुरता तुटला असेल, तर टोके आपोआप जुळत नाहीत. ती शस्त्रक्रियेने वेळेवर जोडावी लागतात. फार उशीर झाला, तर स्नायू वाळून जातो. बधिर बोटांना तव्याचा चटका कळत नाही, म्हणून रोज हातपाय पाहावेत. लुळा पडलेला सांधा दुसऱ्या हाताने दिवसातून अनेकदा हलवावा. कंबर दुखते म्हणून महिनाभर अंथरुणाला खिळू नये. झेपेल तेवढे चालावे. अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल, तर तो चोळत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो, आणि त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, तर आधी साखर आटोक्यात आणली पाहिजे.

काही खुणा अशा, की तिथे एक दिवसही थांबू नये. पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पडल्यावर मान दुखत असेल, तर ती कुणालाही मोडू देऊ नका. मानेला झटका दिल्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती थोडी आहेत, पण आहेत.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गात मोजपट्टी हाती घ्याल, तेव्हा मुलांना तो एक मिलिमीटर दाखवा आणि सांगा, की आपला मज्जातंतू दिवसाकाठी एवढाच वाढतो. ते मूल घरी जाऊन आजोबांना सांगेल. मग कुठे थांबायचे आणि कुठे धावायचे, हे त्या घराला नीट उमजेल.