जुन्या वळणाचे अक्षर आणि नव्या मालाची ओळख

(लातूर व नांदेड जिल्ह्यांतील लघुउद्योजक आणि महिला बचत गटांच्या सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली उभ्या राहिलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेने अनेक तऱ्हेची अक्षरे पाहिली आहेत. निजामी राजवटीतील उर्दू पाट्या, त्यानंतर पेंटरने ब्रशाने रंगवलेले पत्र्याचे मराठी फलक आणि अलीकडच्या काळातील फ्लेक्स, असा हा क्रम आहे. फ्लेक्स स्वस्त पडला, तासाभरात तयार होऊ लागला आणि पेंटरच्या हातचे काम गेले. आता मात्र तेच गेलेले अक्षर परत येत आहे. पापड, मसाले, डाळी, लोणची यांच्या वेष्टनांवर आणि मोबाईलवरून फिरणाऱ्या जाहिरातींत मुद्दाम जुन्या वळणाची ठसठशीत अक्षरे वापरण्याची आवड सर्वत्र वाढलेली आहे. या आवडीचा आपल्या भागातील उत्पादकाला कितपत उपयोग आहे, याचा विचार व्यवहाराच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

निलंगा तालुक्यातील बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच या दोहोंना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणाला कायद्याने नाव मिळाले. हे नाव ग्राहकाच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ते अक्षरांच्या रूपाने. डाळ शिजून तिची चव कळायची ती पुढे; त्याआधी पिशवीवरील चार अक्षरे ग्राहकाशी बोलून मोकळी झालेली असतात. जुन्या वळणाचे अक्षर त्याला सांगते की हा माल आजकालचा नाही. बोरसुरीच्या डाळीबाबत हे म्हणणे खरे आहे. पण गेल्या वर्षी सुरू झालेल्या कारखान्याने तशाच अक्षरांत आपले नाव लिहून वर पिवळसर जुनाट कागदाचा आभास निर्माण करावा, हे काही बरे नव्हे. अक्षर हीसुद्धा एक प्रकारची साक्ष असते. शिवाय मानांकित नाव वापरण्याचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांनाच आहे. अक्षर कितीही देखणे असले तरी तो अधिकार त्यामुळे मिळत नाही.

जुने अक्षर म्हणजे नेमके कोणते, हाही प्रश्नच आहे. आज जुन्या वळणाचे म्हणून जे मिळते ते बहुतांशी मुंबईचे असते. कॅथरीन ली श्मिट यांनी रचलेला ‘यात्रा वन’ हा टंक मुंबईच्या लोकलमार्गावरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. टंक चांगला आहे, मुक्त परवान्याचा असल्याने व्यापारी कामासाठीही विनामूल्य वापरता येतो आणि लांबून वाचताही येतो. तथापि आडत बाजाराचे स्वतःचे जुने अक्षर वेगळे आहे. ते बारदानावर पत्र्याच्या साच्यातून उठवलेल्या मार्क्याचे अक्षर होय. साचा कापताना ‘म’ किंवा ‘व’ यांच्या पोटातील पत्रा गळून पडू नये म्हणून मध्ये पट्टी राखावी लागते. त्यामुळे अक्षर जागोजागी तुटलेले दिसते. ती तूट शोभेसाठी केलेली नव्हती. साचा टिकावा म्हणून ती ठेवावी लागे. डाळीच्या पिशवीवर हे अक्षर जितके शोभेल तितके नाटकाच्या जाहिरातीचे किंवा सिनेमाच्या भित्तिपत्रकाचे अक्षर शोभणार नाही. मोडी लिपीचीही अलीकडे हौस दिसते. किनारीला, नक्षीला मोडी ठेवावी. मालाचे नाव मात्र मोडीत लिहू नये, कारण ते वाचणारा ग्राहक आज शंभरात एकही सापडणे कठीण.

नांदेडची परिस्थिती आणखी निराळी आहे. गुरुद्वाऱ्यामुळे तेथे गुरुमुखी नित्याची, उर्दू जुन्या वस्तीतील, आणि देगलूर-धर्माबादकडे तेलुगू शेजारची. धर्माबादच्या मिरचीचे पाकीट तेलंगणात विकायचे तर मराठीबरोबर तेलुगूही हवी. तेलुगू अक्षराला शिरोरेखा नाही, त्याचा सारा डौल गोलाईत आहे; म्हणून मराठी नाव जाड, जुन्या वळणाचे आणि तेलुगू नाव संगणकात सहज सापडलेले, किरकोळ, असे झाल्यास पाकीट दोन हातांनी लिहिल्यासारखे दिसते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘बालू’ हा जाडसर, गोलसर टंक अनेक भारतीय लिप्यांत केला आहे. त्यात गुरुमुखीचा ‘पाजी’ आहे, तेलुगूचा ‘तम्मुडू’ म्हणजे धाकटा भाऊ आहे आणि उर्दूचा ‘भाईजान’ही आहे. नांदेडच्या बाजारासाठी याहून समर्पक घराणे शोधून सापडणार नाही.

आता मराठीच्या काही खास अडचणी. लातूर हे नावच ‘ल’ने सुरू होते. मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त असावा, असे राज्य शासनाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. पुष्कळ टंक हिंदी वळणाने रचलेले असल्याने त्यांत ही अक्षरे वेगळी येतात. काही टंकांत मराठी रूपे आतच असतात, पण भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याखेरीज ती बाहेर येत नाहीत. निर्णयसागरच्या खिळ्यांनी घडवलेले मराठी मुद्रणाचे वळण ज्यांना जुने म्हणून मिरवायचे आहे, त्यांनी निदान ‘ल’ तरी आपला ठेवावा.

दुसरी अडचण ‘शेतकऱ्यांकडून थेट’ या शब्दांची. आपल्या वेष्टनांवर हे शब्द हटकून असतात. त्यातील अर्धा ‘ऱ’ ही मराठीची खास गरज आहे. शोभेच्या अनेक टंकांत तो नसतो. मग रफार डोक्यावर चढतो आणि ‘शेतकर्यांकडून’ असे छापले जाते. पाच हजार पिशव्या छापून झाल्यावर ही चूक दिसली तर करायचे काय? तेव्हा कोणताही टंक घेण्यापूर्वी ‘शेतकऱ्यांच्या’, ‘पानचिंचोली’, ‘श्रद्धा’, ‘कुटुंब’ असे शब्द त्यात उतरवून पाहावेत. ‘चिं’मधील वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात का, आणि उकार खालच्या ओळीला लागतो का, हे लगेच कळते.

मोबाईलवरील जाहिरातीचा व्यवहार याहून थोडा वेगळा आहे. तेथे चित्र नखाएवढे दिसते. अक्षराची सावली, दुहेरी कड, आतील वेलबुट्टी हे सारे त्या आकारात चिखल होऊन जाते. नाव दोन किंवा तीन शब्दांचे, जाड आणि मोकळे असावे. बाकी मजकूर ‘मुक्ता’सारख्या साध्या टंकात ठेवावा. नाव केवळ चित्रात असेल तर शोधणाऱ्याला ते सापडत नाही, म्हणून चित्राखालच्या मजकुरात तेच नाव युनिकोडमध्ये टंकलिखित केलेले असलेच पाहिजे. छापखान्यातील जुन्या संगणकांवर आजही युनिकोडपूर्व टंक वापरात आढळतात. तेथील मजकूर जसाच्या तसा मोबाईलवर आणला की निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग तेवढा हाती येतो. छापखान्याकडून काम घेताना युनिकोड मजकूर आणि टंकाचा परवाना या दोन गोष्टी मागून घ्याव्यात. ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ म्हणून दिलेला टंक विक्रीच्या मालावर चालत नाही.

वेष्टनाच्या मागील बाजूला मात्र हौसेला जागा नाही. अन्नपदार्थांवरील कायदेशीर तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत देणे बंधनकारक आहे. मराठी त्याबरोबर देता येते. अक्षरांची किमान उंचीही नियमाने ठरलेली आहे. घटकपदार्थ, वजन, तारीख या गोष्टी शोभेच्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ग्राहकापासून लपवणेच होय. दुकानाच्या पाटीबाबतही २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनासुद्धा मराठी नाव आरंभी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत द्यावे लागते.

आपल्या गावात एखादा जुना पेंटर अद्याप असेल तर आधी त्याच्याकडे जावे. दिल्लीच्या हनीफ कुरेशी यांनी हयातीत अशा पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकीय टंक करवून घेतले होते. आपल्याला संपूर्ण वर्णमाला नको आहे. मालाच्या नावाची पाच-सात अक्षरे पुरेत. त्याने ती कागदावर काढावीत, कामाचा रीतसर मोबदला घ्यावा, आणि ती अक्षरे वापरण्याचा हक्क लेखी द्यावा. मग तो कागद मोबाईलवर टिपून, चित्र नखाएवढे करून, घरातील आजीपुढे धरावे. तिने चष्मा न शोधता नाव वाचले तर पिशव्या छापायला द्याव्यात.