सन्मानचिन्ह आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार



२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर काही बडे पाहुणे आले होते. रिगची मालक ट्रान्सओशन कंपनी आणि ती भाड्याने घेऊन विहीर खोदून घेणारी बीपी कंपनी, या दोहोंचे वरिष्ठ अधिकारी त्यांत होते. भेटीला एक मंगल निमित्तही होते. सात वर्षांत या रिगवर कामाचा दिवस बुडावा असा एकही अपघात झाला नव्हता. त्याबद्दल कामगारांचे कौतुक व्हायचे होते. पाहुणे रिगवर फिरत असताना विहिरीच्या दाबाची चाचणी चालू होती. तिचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. तरीही ती यशस्वी मानून काम पुढे रेटण्यात आले. रात्री दहाच्या सुमारास विहिरीतून उसळलेल्या वायूचा स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि पुढे ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले.

गोष्ट इथेच संपत नाही. दुसऱ्या वर्षी ट्रान्सओशनने आपल्या भागधारकांना कळविले की, आकडेवारी पाहता २०१० हे सुरक्षिततेच्या दृष्टीने कंपनीच्या इतिहासातील सर्वोत्तम वर्ष होते. आणि त्या हिशेबाने वरिष्ठांना बोनसही दिला. लोकांत संताप उसळला, तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी सुरक्षिततेपोटी मिळालेली रक्कम मृतांच्या कुटुंबांसाठी असलेल्या निधीला दिली.

याला दैवाची क्रूर थट्टा म्हणून सोडून देता येणार नाही. सुरक्षिततेची मोजणी कशी होते, हा यातला खरा प्रश्न आहे. पाय घसरला, बोट चेंगरले, डोक्यावर हत्यार पडले, हे अपघात मोजता येतात. त्यांची संख्या कमी होणे चांगलेच. परंतु नळातला दाब, सडलेली झडप, अर्धवट राहिलेली दुरुस्ती यांचा धोका या मोजणीत उतरत नाही. आणि शेकडो माणसांचा बळी जातो तो याच धोक्यामुळे. शिवाय एकदा ढाल आणि बक्षीस या आकड्याला टांगले, की दुखापत कळविणारा कामगार सर्वांच्या बक्षिसाचा वैरी ठरतो. मग तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्यालाच सुरक्षितता हे नाव मिळते.

उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' या प्लॅटफॉर्मची कहाणी हेच सांगते. ६ जुलै १९८८ च्या दिवशी तिथल्या एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढून त्या जागी नुसती लोखंडी चकती बसविली होती. काम अपुरे राहिले. त्याची नोंद असलेला परवाना रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोहोचलाच नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू केला. वायू फुटला, स्फोट झाला. आग विझविणारे पंप आपोआप सुरू होण्याच्या स्थितीत नव्हते. शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरून तेल-वायूचा पुरवठा चालूच राहिला, आणि आगीला इंधन मिळत गेले. राहण्याच्या खोल्यांत आदेशाची वाट पाहत थांबलेली माणसे धुराने गुदमरून मेली. समुद्रात उड्या टाकणाऱ्यांपैकी अनेक जण वाचले. मृतांची संख्या १६७ झाली. त्यांत वाचवायला गेलेल्या होडीवरचे दोघे होते.

लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० साली १०६ शिफारशी केल्या आणि त्या सर्व स्वीकारल्या गेल्या. तेल काढण्याची घाई असलेल्या खात्याकडून सुरक्षिततेची देखरेख काढून ती वेगळ्या यंत्रणेकडे देण्यात आली. आपला प्लॅटफॉर्म सुरक्षित कसा, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली. या सुधारणांचे श्रेय न्यायमूर्तींना जरूर द्यावे. परंतु १९८९ आणि १९९० च्या उन्हाळ्यांत उत्तर समुद्रातील कामगारांनी प्लॅटफॉर्मवरच ठाण मांडून संप केले, हेही विसरू नये. तक्रार करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या नावापुढे 'पुन्हा नको' असा शेरा पडण्याचा तो काळ होता. तो शेरा पत्करून बोलणारी माणसे हीच त्या समुद्रातली खरी नेतृत्वशक्ती होती. सुरक्षा-नेतृत्वाचे पुरस्कार वाटणाऱ्या व्यासपीठांवर त्यांची नावे सहसा उच्चारली जात नाहीत.

हे सारे परदेशातले आहे असे म्हणून महाराष्ट्राला सुटका नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागरसम्राट' या रिगने १९७४ साली तेल शोधले आणि १९७६ पासून ते देशाला मिळू लागले. स्वावलंबनाचे ते मोठे पर्व होते, आणि सार्वजनिक क्षेत्राने ते घडविले याचा समाजवाद्यांना अभिमान वाटणे स्वाभाविक होते. परंतु अभिमानाने डोळे झाकून चालत नाही.

२६ जुलै २००५ ला मुंबई पावसात बुडाली. दुसऱ्या दिवशी मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मजवळच्या एका साहाय्यक जहाजावर स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडत नव्हते, म्हणून त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. खवळलेल्या समुद्रात जहाज जवळ आणले, ते लाटेने उचलले जाऊन तेल-वायूच्या उभ्या नळांवर आदळले. फुटलेल्या नळातल्या वायूने पेट घेतला, आणि दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म नष्ट झाला. संकुलावर आणि जहाजांवर मिळून ३८४ माणसे होती. ३६२ वाचविण्यात आली, २२ जणांचा बळी गेला. त्या जहाजाचे नाव होते 'समुद्र सुरक्षा'.

जखमी माणसाला उपचार मिळावेत ही इच्छा योग्यच होती. परंतु तशा समुद्रात जहाज वायूच्या नळांजवळ नेण्याआधी 'थांबा' म्हणणे कोणाचे काम होते? आणि एखाद्या सामान्य खलाशाने ते म्हटले असते, तर ते ऐकले गेले असते का? दुर्घटनेच्या चौकशीत शेवटच्या क्षणाला चाकावर कोणाचा हात होता हे विचारले जाते. त्या हाताला थांबण्याची मुभा होती का, हे विचारले जात नाही.

सोळा वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचे इशारे हवामान खात्याने आधीपासून दिले होते. तरीही मुंबई हायच्या परिसरात कामगारांच्या निवासाची पी-३०५ ही बार्ज समुद्रातच राहिली. तिचे नांगर तुटले, ती वाहत गेली आणि १७ मे रोजी बुडाली. बार्जवर २६१ माणसे होती. नौदलाने उसळत्या समुद्रातून मोठ्या धैर्याने अनेकांना वाचविले. तरी सत्तरहून अधिक माणसे गेली. त्यांत मोठा भरणा होता कंत्राटी कामगारांचा: वेल्डर, फिटर, रंगारी, मदतनीस. बार्जचा मालक एक, काम करून घेणारा कंत्राटदार दुसरा, आणि ज्या सार्वजनिक उपक्रमाच्या तेलक्षेत्रात काम चालले होते तो तिसरा. जबाबदारीचे असे तीन वाटे झाले, की मृत्यू तेवढा कामगाराच्या वाट्याला अखंड येतो. मालकी सार्वजनिक आहे, एवढ्याने श्रमिकाच्या जिवाची हमी मिळत नाही, हा धडा समाजवादी कार्यकर्त्याने इतरांच्या आधी शिकला पाहिजे.

मग खरा सन्मान कोणता? नॉर्वेच्या १९७७ च्या श्रमपरिसर कायद्याने त्याचे एक उत्तर दिले. तिथे कामगारांच्या सुरक्षा-प्रतिनिधीला जिवाला तत्काळ धोका दिसल्यास काम थांबविण्याचा अधिकार आहे. आणि काम थांबल्याने झालेल्या नुकसानीस तो जबाबदार धरला जात नाही. या दुसऱ्या तरतुदीतच पहिलीचे प्राण आहेत. उद्याच्या रोजगाराची खात्री नसलेल्या माणसाला 'धोका दिसला तर बोल' असे सांगणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी कामगारांमध्ये जाऊन काही मागण्या जिवंत ठेवल्या पाहिजेत. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आणि बार्जवर सुरक्षा-प्रतिनिधी कामगारांनी निवडलेला असावा आणि त्या निवडीत कंत्राटी कामगाराचे मत कायम कामगाराइतकेच मोजले जावे. काम थांबविणाऱ्याचा एक दिवसाचाही पगार कापला जाऊ नये, की पुढच्या कंत्राटातून त्याचे नाव गळू नये. दुर्घटनांचे चौकशी अहवाल कामगारांना समजतील अशा भाषांत छापले जावेत. आणि बक्षिसे द्यायचीच असतील, तर ज्याने धोका वेळेवर कळविला त्याला द्यावीत. ज्याच्या वहीत काहीच नोंदलेले नाही त्याला नकोत.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरातल्या हेझलहेड उद्यानात पायपर अल्फाचे स्मारक आहे. तीन कामगारांचे पुतळे आणि त्यांच्याखाली १६७ नावे. मेल्यानंतर नावे कोरली जातात, हे योग्यच आहे. परंतु त्या नावाच्या माणसाने जिवंतपणी उच्चारलेला 'थांबा' हा एक शब्द ऐकला गेला असता, तर ते नाव दगडावर आले नसते. समुद्रातल्या श्रमिकाचा गौरव करू इच्छिणाऱ्या समाजाने तो शब्द ऐकण्याची सोय आधी करावी. हारतुरे आणि ढाली नंतर.