दलदलीतील डेस्मिड : ओळख आणि पारख

वेल्स, स्कॉटलंड आणि इंग्लंडचा वायव्येकडील सरोवरांचा प्रदेश येथील डोंगराळ भागांत जुन्या दलदली आहेत. स्फॅग्नम नावाच्या हरितेने त्या आच्छादलेल्या असतात. ही हरिता मूठभर घेऊन पिळली असता जे पिंगट, आम्लधर्मी पाणी गळते, त्यात डेस्मिड नावाची एकपेशीय हिरवी शेवाळे आढळतात. नुसत्या डोळ्यांना ती बहुधा दिसतही नाहीत.

बहुतेक डेस्मिडांची पेशी मध्यभागी आवळलेली असते; तिचे दोन अर्ध आरशातील प्रतिबिंबासारखे जुळतात. पेशी विभागली की प्रत्येक जुन्या अर्धाला एक नवा अर्ध फुटतो. अभ्यासकाची फसगत होते ती येथेच. पूर्ण न वाढलेला नवा अर्ध वेगळाच दिसतो आणि उतावळ्या निरीक्षकाला नवी जात सापडल्याचा भास होतो!

म्हणून पेशी समोरून, बाजूने आणि टोकाकडून अशी तिन्ही अंगांनी पाहावी लागते. वरच्या काचेवर सुईने हलकेच टिचकी दिली की ती कूस बदलते. हरितद्रव्याची मांडणी जिवंत पेशीतच नीट कळते. भित्तिकेवरील काटे व उंचवटे मात्र मृत, रिकाम्या पेशीत अधिक स्पष्ट दिसतात. लांबी, रुंदी आणि मधल्या आवळलेल्या भागाची रुंदी मोजून, प्रमाणबद्ध आकृती काढल्याखेरीज नाव देणे धाडसाचे ठरते. एकुलत्या एका पेशीवरून तर देऊच नये.

या शास्त्राचा पाया जॉन राल्फ्स या शल्यवैद्याने घातला. त्यांचा ग्रंथ 1848 साली प्रसिद्ध झाला आणि डेस्मिडांच्या नामकरणाचा अधिकृत आरंभ आजही त्याच ग्रंथापासून धरतात. पुढे विल्यम वेस्ट व त्यांचे पुत्र जी. एस. वेस्ट यांनी 1904 पासून बृहद्ग्रंथ सिद्ध केला. पिता 1914 साली, तर पुत्र 1919 साली निवर्तला. पाचवा खंड नेली कार्टर यांनी 1923 मध्ये पुरा केला.

एवढा खटाटोप कशासाठी? चर खणून दलदल सुकविली, पीट काढले किंवा शेतातील खतांचे पाणी तीत उतरले, तर कमी पोषणद्रव्यांच्या पाण्याला सरावलेल्या जाती नाहीशा होतात. त्यांची खात्रीलायक नोंद हा दलदल वाचविण्याच्या बाजूचा पुरावा असतो; चुकीच्या नावाने तोच पुरावा लुळा पडतो. नमुन्यासोबत ठिकाण, दिनांक आणि पाण्याची आम्लता लिहून ठेवावी ती याचसाठी. पिळलेली हरिता मात्र घरी नेऊ नये. जेथून उचलली तेथेच ओल्या जागी परत ठेवावी.