ओढ्याच्या अलीकडे



मला नोकरीबद्दल बोलायला सांगितलंय, पण मी एका फसलेल्या सहलीबद्दल बोलणार आहे.

मी अमेरिकेत ऑरेगनमध्ये राहते. २ मे २००० रोजी तिथल्या सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमधल्याच बीव्हरक्रीकजवळ एकाने वस्तूंनी भरलेली बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तोच हा जिओकॅशिंगचा खेळ.

गेल्या जानेवारीत आम्ही मुलंमाणसं मिळून नऊ जण असाच एक डबा शोधायला निघालो. आखणी माझी, एक्सेलशिवाय मला सहलही काढता येत नाही! जादा मोजे, थर्मास, एक वाजला की असू तिथून मागे फिरायचं. आणि ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही.

उन्हाळ्यात तोच ओढा मी बूट न भिजवता ओलांडला होता. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, हे ठाऊक असूनही माझ्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यातलंच पाणी होतं. काठी रोवून पाहिली, तर मांडीपर्यंत. डबा पलीकडे दीडशे मीटरवर. सगळे म्हणाले, हात धरून जाऊ. खरं सांगू? मलाही जायचं होतं.

तेव्हा आपली नववीची सहल आठवली. भूगोलाच्या बाईंनी नदीत उतरू दिलं नाही म्हणून आपण आठवडाभर रुसलो होतो. बाई, तुम्ही कारण सांगितलं नव्हतंत, नुसतं "गाडीत बसा" म्हणालात. मीही तेवढंच म्हणाले.

माझी मुलगी घर येईपर्यंत बोलली नाही. डबा अजून तिथेच आहे. जुलैत जाणार आहोत.