परत फिरण्याचा निर्णय : हवाई क्षेत्रातील करिअर आणि नीती



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ नेवाळी येथे एक धावपट्टी उभारली गेली होती. आता तिचे नाव निघते ते जमिनीच्या वादापुरतेच. त्यानंतरच्या काळात ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांसाठी विमान म्हणजे गच्चीवरून पाहण्याची वस्तू होती. हे चित्र हळूहळू पालटले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून तेथून उड्डाणे सुरू झाली, आणि वैमानिक, देखभाल अभियंता, केबिन क्रू हे पर्याय बारावीच्या निकालानंतर घरोघरी चर्चिले जाऊ लागले. पालकांचे प्रश्न बहुधा शुल्क आणि पगार यांविषयीचे असतात. या व्यवसायात नीतीचा प्रश्न नेमका कोठे उभा राहतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

तो पहिल्याच पायरीवर उभा राहतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. धुळे असो, बारामती असो वा गोंदिया, प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात आणि अनेकदा ते कर्जाऊ असतात. न उडालेला तास लॉगबुकात लिहिण्याचा मोह तेथेच होतो. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवलेले वैमानिक उघडकीस आले, काहींना अटक झाली. राजस्थानात खोट्या उड्डाण-तासांचे प्रकरणही त्याच वर्षी गाजले. अशी लबाडी निदान ओळखता तरी येते. खरी कसोटी लागते ती प्रामाणिक आणि कर्तबगार माणसाची.

कॅप्टन दीपक साठे हे असेच एक मराठी वैमानिक. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी, हवाई दल अकादमीच्या मानाच्या तलवारीचे मानकरी, हवाई दलातील विंग कमांडर, आणि दहा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव. ७ ऑगस्ट २०२० रोजी महामारीत दुबईत अडकलेल्या १८४ प्रवाशांना घेऊन ते कोझिकोडला येत होते. तेथील धावपट्टी डोंगरमाथ्यावरची, पाऊस मुसळधार. पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला, आणि तो निर्णय योग्यच होता. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला होता. दुसऱ्या वेळी ते विरुद्ध दिशेने, पाठीमागून वारा असताना उतरू लागले. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमानाची चाके टेकली ती सुमारे ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी संपल्यावर. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, अर्थात पुन्हा वर चला, असे सुचवले होते. विमान पट्टीच्या टोकावरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले.

सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने कॅप्टनकडून कार्यपद्धतीचे पालन झाले नाही, असे स्पष्ट म्हटले. सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतले नाही, हेही नोंदवले. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतके इंधन शिल्लक होते. मग एवढा जाणता माणूस परत का फिरला नाही? अहवालाने याचे जे कारण दिले, ते या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणारे उड्डाण त्यांनाच न्यायचे होते. त्या तळावर २६ सहवैमानिकांमागे कॅप्टन फक्त एक नेमलेला होता. ज्याला कर्तव्यदक्षता म्हणून एरवी शाबासकी मिळते, तीच येथे घातक ठरली.

दहा वर्षांपूर्वी, २२ मे २०१० रोजी, दुबईहूनच आलेले त्याच कंपनीचे विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून खाली गेले होते. १६६ पैकी १५८ जण गेले. त्या वेळीही सहवैमानिकाने तीनदा परत वर जाण्यास सांगितले होते.

दोन्ही वेळा धाकटा बोलला आणि थोरला थांबला नाही. मोठ्यांच्या कामात मध्ये बोलू नये, हे वळण चांगल्या घरांतून लहानपणीच लावले जाते, आणि घरात ते शोभतेही. कॉकपिटमध्ये मात्र या संस्काराला मुरड घालावी लागते. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचे जे प्रशिक्षण वैमानिकांना दिले जाते, त्याचा बराचसा भाग कनिष्ठाने बोलावे आणि वरिष्ठाने ऐकावे याच अभ्यासाचा असतो. देखभाल अभियंत्याचीही स्थिती वेगळी नाही. पहाटे तीन वाजता, प्रवासी खोळंबलेले असताना, सुटा भाग आलेला नाही म्हणून सही न करणे, हे सही करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

हे ओझे एकट्या माणसावर टाकून संस्थांनी मोकळे होणे योग्य नव्हे. थकलेल्या मेंदूकडून विवेकाची अपेक्षा कशी करावी? वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारा नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाला, आणि रात्रीच्या उड्डाणांवरील निर्बंध १ नोव्हेंबरपासून. डिसेंबरमध्ये देशातील सर्वांत मोठ्या कंपनीजवळ त्यानुसार पुरेसे वैमानिक नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला नियमांतून तात्पुरती सवलत द्यावी लागली. त्या दिवसांत विमानतळांवर संतापलेले प्रवासी बोल लावत होते ते खिडकीवर बसलेल्या विशी-बाविशीच्या मुला-मुलींना. त्यांपैकी काही कदाचित कल्याण-डोंबिवलीचीही असतील.

कोझिकोडच्या त्या रात्री विमान दुसरीकडे वळले असते, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या उड्डाणाला उशीर झाला असता, प्रवाशांना एक रात्र परक्या गावी काढावी लागली असती, आणि त्यांतल्या काहींनी कॅप्टनविरुद्ध तक्रारही नोंदवली असती.