तोच व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा जळतो तेव्हा

देवरीहून बोलतोय. आजचा विषय जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा. ट्रान्झिस्टरच्या आधीचे, काचेची नळी आत मंद पेटलेली दिसते ना, ते.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई आणि नाटकं सुरू होतात आणि रात्रभर चालतात. एकेकाळी तिथले भोंगे असल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर वाजायचे. माझ्या मित्राच्या बाबांकडे तसा एक आहे, दोन ईएल-34 व्हॉल्व्हवाला. काकांना तो पुन्हा चालू हवा होता, पण वीसेक मिनिटं वाजला की उजव्या व्हॉल्व्हची आतली प्लेट लालबुंद व्हायची, त्याच्याखालचा कॅथोडचा रेझिस्टर जळायचा आणि मग फ्यूज जायचा. दोनदा व्हॉल्व्हची जोडी बदलून झाली होती. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळायचे. आता ईएल-34 बनतो स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये, आणि देवरीत तो कुरिअरनेच येतो. तिसरी जोडीही गेली असती तर काकांनी डबा भंगारात दिला असता.

काही जोडण्याआधी एक ऐका. याच्या आत 400 व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहतं. जीव जाऊ शकतो. प्लग काढा, मोठ्या वॉटचा रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामा करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. चालू असताना मोजायचं तर मीटरची काळी वायर क्लिपने चेसिसला लावून एकच हात वापरा. हे पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस शेजारी हवाच.

आता शोध. नवा व्हॉल्व्ह घालण्याआधी एक फुकटची चाचणी आहे: डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे. लाली व्हॉल्व्हसोबत सरकली तर व्हॉल्व्ह खराब. आमच्याकडे लाली उजव्याच सॉकेटवर राहिली. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा मार खाणारा होता, मारणारा दुसराच कोणी.

मग दोन्ही कॅथोडवर मोजलं. डावीकडे 28 व्होल्ट, उजवीकडे 46 आणि वर चढतंय. रेझिस्टर 470 ओहमचे, म्हणजे डावीकडे साधारण 60 मिलिअँपिअर, उजवीकडे 98. गणित केलं तर उजव्या प्लेटवर 30 वॉटच्या आसपास उष्णता, आणि ईएल-34 ची मर्यादा 25. लाल होणारच.

जास्त करंट का? व्हॉल्व्हची ग्रिड म्हणजे नळाची तोटी समजा. या सर्किटमध्ये ग्रिड शून्य व्होल्टवर असायला हवी. दोन्ही ईएल-34 काढले, सिरीजमध्ये 100 वॉटचा पिवळा बल्ब लावला आणि सॉकेटच्या पाच नंबरच्या पिनवर मीटर धरला. (बल्ब यासाठी की व्हॉल्व्ह काढल्यावर लोड नसतो, व्होल्टेज वर उसळतं आणि कपॅसिटरवर ताण येतो.) डावीकडे जवळजवळ शून्य. उजवीकडे सुरुवातीला 3 व्होल्ट, आणि डबा जसा तापत गेला तसे वाढत वाढत 18. वीस मिनिटांचं कोडं तिथेच सुटलं.

आधीच्या टप्प्यातून आवाज ग्रिडपर्यंत आणणारा 0.1 मायक्रोफॅरडचा कागदी कपलिंग कपॅसिटर गळत होता. त्याचं काम एसी जाऊ देणं आणि डीसी अडवणं. कागद वर्षानुवर्षं ओल पितो, आणि आपल्या धानपट्ट्यात पावसाळ्यातली ओल काय असते ते सांगायला नको. थंड असताना साध्या मल्टिमीटरवर तो चांगलाच दाखवतो. फसवणूक होते ती इथे. दोन्ही बाजूंचे काढून 630 व्होल्टचे फिल्म कपॅसिटर झाळले. किंमत व्हॉल्व्हच्या तुलनेत चणेफुटाणे.

पण मी तिथेच थांबलो नाही, कारण फिलॅमेंटला 6.3 ऐवजी 7.1 व्होल्ट मिळत होते. ट्रान्सफॉर्मरची वायर 220 च्या टॅपवर, आणि रात्री आमच्या लाइनला 248! टॅप 250 वर घेतला, फिलॅमेंट 6.3 च्या आत आलं. आधी कोणीतरी वारंवार जातो म्हणून जाडजूड फ्यूज घातला होता, तोही योग्य क्षमतेचा केला. फ्यूज जाड केला तर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो कुरिअरनेही येत नाही.

नवीन रेझिस्टर घालून, भोंगा जोडून (भोंग्याशिवाय असला अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो) दोन तास चालवला. दोन्ही कॅथोडवर 27-28 व्होल्ट, दोन तासांनंतरही तेवढेच. व्हॉल्व्ह तीच जोडी. काकांनी यंदाच्या मंडईसाठी भोंग्याची वायर शोधायला घेतली आहे.

तुमच्याकडे असा डबा असेल तर मेसेज करा. फक्त "भाऊ, जळतोय" एवढंच नको. कुठल्या पिनवर किती व्होल्ट, आणि किती मिनिटांनी, ते लिहा.