दवाखान्याच्या दारातली श्रद्धा
(मिरज येथे भरलेल्या डॉक्टरांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षानं आपल्या शास्त्रातल्या नव्या घडामोडींचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. ते काम उद्याच्या सत्रांत माझ्यापेक्षा जाणती माणसं करणार आहेत. मला आज इथे वेगळ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. देव मानणारे आणि न मानणारे यांनी एकमेकांशी कसं वागावं? हा प्रश्न कीर्तनकारांनी किंवा प्राध्यापकांनी सोडवावा, डॉक्टरांनी त्यात पडू नये, असं काहींना वाटेल. पण हे दोघे आपल्या टेबलापाशी रोज समोरासमोर बसतात, आणि तेव्हा त्यांच्यामध्ये एक आजारी माणूस असतो.

माझी बाजू आधी सांगून टाकतो. मी देव मानत नाही. सुरी हातात घेण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटणारे माझे जिवलग मित्र याच सभागृहात बसले आहेत, आणि त्यांच्या हाती मी माझ्या घरातलं माणूस निर्धास्तपणे सोपवीन.

मिरजेला ही सोबत नवीन नाही. विल्यम वॉन्लेस 1889 साली भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी इथे रुग्णालय उभं केलं. ते मिशनरी होते, धर्मप्रसार हा आपल्या कामाचाच भाग आहे असं मानणारे. 1897 मध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षणही इथे सुरू केलं. पुढे 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मिरजेत एमबीबीएस होऊन बाहेर पडलेला साताऱ्याचा एक कबड्डीपटू तरुण नंतर दवाखाना बंद करून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला लागला. नरेंद्र दाभोलकर. येशूच्या नावानं सेवा करणारा सर्जन आणि प्रत्येक चमत्काराला पुरावा मागणारा विद्यार्थी, या दोघांच्याही आयुष्यात मिरज आहे, याचा मला अभिमान वाटतो.

इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. उरुसात पहिला गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. 1937 साली गेलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे रात्र-रात्र गाणं चालतं. ऐकायला बसणाऱ्याला कुणी श्रद्धेचा दाखला मागत नाही. याच गावानं 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून पेटलेली दंगलही पाहिली. त्या दंगलीत दोन्हीकडे देव मानणारेच होते, एवढंच नोंदवून पुढे जातो.

कारण मला म्हैसाळबद्दल बोलायचं आहे. इथून हाकेच्या अंतरावरचं गाव. मार्च 2017 मध्ये तिथे ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. आधी एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला होता आणि त्याचा तपास एका दवाखान्यापर्यंत पोहोचला होता. तिथे मांत्रिक नव्हता. पदवी होती, पाटी होती, औजारं होती. पाच वर्षांनी, जून 2022 मध्ये, त्याच गावात एकाच कुटुंबातले नऊ जण मृतावस्थेत सापडले. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. मग पोलिसांनी गुप्तधनाचं आमिष दाखवणाऱ्या मांत्रिकावर विष दिल्याचा आरोप ठेवला. ते घर अडाणी नव्हतं, शिकलेलं होतं.

या दोन्ही घटना मी मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवतो. पहिली घटना घडली तेव्हा आम्ही नास्तिकांनी 'विज्ञान जिंकलं' म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दुसरीनंतर आस्तिकांना 'हा आमचा धर्मच नव्हे' एवढं म्हणून सुटता येत नाही. देव आहे की नाही, या वादानं त्या गावातला एकही जीव वाचला नसता. कुणीतरी वेळेवर दार ठोठावून विचारायला हवं होतं, आणि तो विचारणारा देव मानतो की नाही याला काडीचं महत्त्व नव्हतं.

आता आपल्या खोलीत या. फेफऱ्याचा रुग्ण येतो, दंडाला ताईत, मनगटाला काळा दोरा. आपल्यातले काही जण पहिल्या मिनिटालाच तो दोरा काढायला लावतात. पुढच्या खेपेला रुग्ण दोरा घरी काढून ठेवून येतो, आणि त्याचबरोबर देवऋषाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्याचंही आपल्यापासून लपवतो. दोरा राहू द्या. गोळी चालू आहे ना, ते विचारा. आपला आग्रह गोळीवर हवा.

रमजानमध्ये मधुमेही रुग्णाला 'रोजे सोडा' एवढंच सांगून मोकळं होणारे आहेत. तो सोडत नाही. आपल्याकडे यायचं सोडतो. सहेरी आणि इफ्तार यांच्या वेळा धरून गोळ्या आणि इन्सुलिन बदलून देता येतं, साखर किती खाली गेली तर रोजा तोडायचा हे आधी ठरवता येतं, आणि काहींना तो धरू नका असं कारणासह सांगावंच लागतं. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणाऱ्या जैन आजींना रात्रीची गोळी लिहून देणारा डॉक्टर निष्काळजी आहे, मग तो कितीही विज्ञाननिष्ठ असो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर चढवून आलेल्या माउलींना उपास सोडायला सांगण्यापेक्षा त्या दिवशी ताटात काय घ्यायचं ते सांगा. हे मी एक नास्तिक म्हणून सांगतो आहे. त्यांच्या उपासाचा हक्क सांभाळणं हे माझंही काम आहे.

आस्तिक मित्रांकडे माझं मागणं याच मापाचं आहे. भोंदू जेव्हा तुमच्या देवाचं नाव घेऊन लुबाडतो, तेव्हा पहिला आवाज तुमचा उठायला हवा. माझा आवाज उठला तर लोक म्हणतात, हा धर्मावरच उठलाय. तुमचा उठला तर ऐकतात.

दाभोलकरांना हे पुरतं उमगलं होतं. श्रीराम लागू आणि ते, दोघेही साताऱ्यात जन्मलेले, व्यासपीठावर बसून जाहीर वाद-संवाद करत. लागूंचं म्हणणं असे की देवाच्या कल्पनेलाच आता रिटायर करा. दाभोलकर उत्तर देत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध शोषणाला आहे, उपासनेचं स्वातंत्र्य तर घटनेनंच दिलं आहे. मतभेद लपवायची दोघांनाही गरज वाटली नाही. दाभोलकर ज्याचा आग्रह धरत होते त्या जादूटोणाविरोधी कायद्याला अनेक वारकऱ्यांनी कडाडून विरोध केला, कारण वारी आणि कीर्तनच गुन्हा ठरेल अशी भीती होती. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. तो कायदा कृपा करून एकदा वाचा. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. आणि साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यातल्या कुठल्या ओळीशी श्रद्धाळू डॉक्टरचं भांडण असू शकेल?

ज्या माणसाला वादात उत्तर देता येत होतं, त्याला गोळी घातली गेली. दाभोलकरांचं एकही मत ज्यांना पटत नव्हतं अशा आस्तिकांनीही त्या दिवशी रस्त्यावर यायला हवं होतं. काही आले. त्यांचे मी आजही आभार मानतो.

आता एक प्रस्ताव. 2001 च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका आश्रयघरात साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत जळून मेले. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मात्र 2008 पासून वेगळा प्रयोग झाला. नाव 'दवा आणि दुआ'. मुजावर दुआ करायचा आणि रुग्णाला आवारातच बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचा. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं गेलं. दर्गा बंद करा असं कुणी म्हटलं नाही, आणि साखळीही चालू दिली नाही.

हे आपल्या तालुक्यात का होऊ नये? दर्गा, देवळं, चर्च, जैन बस्ती यांच्या विश्वस्तांकडे आपण दोघा-दोघांनी जावं, एक देव मानणारा आणि एक न मानणारा. मागणं तीन गोष्टींचं: सर्पदंश झालेल्याला देवळात थांबवून न घेता रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायचा, हे सांगणारा फलक; पुजारी, मुजावर, देवऋषी यांच्यासाठी फेफरं आणि मनोविकार ओळखण्याचं एक दिवसाचं शिबिर; आणि आठवड्यातून एक दुपार डॉक्टरला बसायला एक खोली. सर्पदंशावरचं प्रतिविष तालुक्यात कुठे मिळतं, ते फलकावर आपण लिहून द्यायचं. वाद घालायचा तर चहा पिताना जाताजाता खुशाल घाला.

उद्या दुपारच्या सत्रात मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदनासाठी मला देव मानणारा सहकारी हवा आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी जेवणापूर्वी नोंदणीच्या टेबलावर नाव आणि सोयीचा वार लिहून ठेवावा.